हॅलोवीनचा लगदा: खळ फुकटात होते, खरा खर्च सीलरचा

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच होम डेपोला, म्हणजे इथल्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात, पळता येईल. हॅलोवीनची पेपर मॅशेची प्रॉप्स, म्हणजे कागदाच्या लगद्याच्या सजावटीच्या वस्तू, घरी करायची असतील तर लगद्यावर पैसे घालू नका, सीलरवर, म्हणजे वरून पाणी अडवणाऱ्या लेपावर घाला. रेडिमेड लगद्याच्या पाकिटाला माझे ५ पैकी ३, टॉयलेट पेपर आणि जॉइंट कंपाउंडच्या (भिंतीचे सांधे बुजवायची पुट्टी) घरगुती लगद्याला साडेचार; सीलरमध्ये ड्रायलॉकला (बेसमेंटच्या भिंतींचा जाड लेप) साडेचार, स्पार युरेथेनला (बाहेरच्या लाकडाचं व्हार्निश) ४, आणि मॉड पॉज या ग्लूसारख्या सीलरच्या आउटडोअरवाल्या बाटलीला किती द्यायचे ते तुमच्या कॅलेंडरवर आहे, का ते पुढे येतंच.

मी राहते न्यू जर्सीत, पण मूळची बांद्याची, म्हणजे गोव्याच्या वेशीवरची. त्यामुळे कागद आणि खळ हे काही मला इथे येऊन व्हिडिओ बघून शिकावं लागलं नाही. आमच्याकडे नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर फिरवतात, पहाटे जाळतात, मग अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडायचं आणि पोह्यांवर ताव मारायचा. लाकडाचा नाहीतर लोखंडी सांगाडा, त्यात सुकं गवत, वर वर्तमानपत्रांचे थर, मैद्याची खळ, मुखवटा, रंग. वाड्यावाड्यातली पोरं कितीतरी दिवस आधीपासून वर्गणी काढून याच उद्योगात असतात. पण नरकासुराचं आयुष्य मुळात एका रात्रीचं. त्याला पावसाची, दवाची, बुरशीची कसली फिकीर, उलट तो जितका कोरडा आणि उघडा तितका झकास पेटतो. इथलं प्रॉप मात्र सप्टेंबर संपता संपता लॉनवर जातं, ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत तिथंच उभं राहतं आणि वर पुढच्या वर्षी परत बाहेर काढायचं असतं. म्हणजे लगदा कसा करायचा हे आपल्याला येतं, तो सील कसा करायचा हे कोणी शिकवलेलंच नाही कारण गरजच पडली नव्हती. २०२४ साली तर मजाच झाली, नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, पोरांच्या पिशवीत चकल्या आणि किटकॅट एकत्र नांदत होते.

त्या २०२४ बद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या वर्षीचा ऑक्टोबर हा न्यू जर्सीच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा महिना होता, १८९५ पासूनच्या नोंदी आहेत बरं का, आणि राज्यात बहुतेक ठिकाणी पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा त्या वर्षी कोणी "हा सीलर महिनाभर टिकला, पाच स्टार" असं लिहून ठेवलं असेल तर ते सोडून द्या, त्या वर्षी नुसता टिश्यू पेपरचा भोपळासुद्धा टिकला असता. याच राज्यात २०१२ ला २९ ऑक्टोबरला सँडी वादळ येऊन धडकलं आणि गव्हर्नरला अख्खा हॅलोवीन ५ नोव्हेंबरला ढकलावा लागला होता. २०११ ला त्याच तारखेला बर्फ पडला. इथल्या ऑक्टोबरचा काही भरवसा नाही, एवढंच डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता लगदा. दुकानात रेडिमेड मिळतो त्यात सेल्युक्ले सगळ्यात माहितीतला, करड्या रंगात आणि पांढऱ्या रंगात येतो, सुकी भुकटी असते, पाणी घालून मळायची. जोॲन हे क्राफ्टच्या सामानाचं दुकान बंद झाल्यापासून मायकल्स नाहीतर ऑनलाइन. त्याचं चांगलं काय तर वासाचा, भिजवण्याचा, पिळण्याचा ताप नाही, मुलांबरोबर बसून छोटं काही करायचं असेल, एखादी कवटी, दोन-चार बोटं, वटवाघूळ, तर दुपारभरात काम होतं. पाणी एकदम ओतू नका, झिपवाल्या जाड पिशवीत भुकटी घालून त्यातच थोडं थोडं पाणी टाकून बाहेरून मळा, म्हणजे धूळ नाकात जात नाही आणि ओटा पण स्वच्छ राहतो. पण त्याचा पोत मुळात खडबडीत आहे. झाडाचं खोड, दगडी थडगं, चेटकिणीचं मस असलेलं नाक यांना तो खडबडीतपणा उलट शोभतो, गुळगुळीत चेहरा पाहिजे असेल तर मात्र घासता घासता हात दुखतील. आणि मोठं काही करायचं म्हटलं की पाकिटांचा हिशोब परवडत नाही. म्हणून ३. वस्तू वाईट नाही, आपल्या कामाला महाग आहे.

मी वापरते तो लगदा टॉयलेट पेपर, जॉइंट कंपाउंड, पांढरा ग्लू आणि थोडा मैदा असा. हॅलोवीनवाल्या लोकांत हा फॉर्म्युला सगळीकडे फिरतोय, प्रत्येकाचं माप थोडं वेगळं. माझं असं: टॉयलेट पेपर भिजवून घट्ट पिळल्यावर सव्वा कप, १ कप जॉइंट कंपाउंड, पाऊण कप ग्लू, पाव ते अर्धा कप मैदा, आणि दोन चमचे मिनरल ऑइल, ते घातलं की हाताला कमी चिकटतं आणि पसरायला सोपं जातं. रोलच्या मापावर जाऊ नका, हल्ली मेगा रोल, सुपर मेगा रोल, कशाचा कशाला मेळ नाही, पिळलेला लगदा कपाने मोजा. साधा स्वस्तातला रोल घ्या, ते मऊ मऊ लोशनवाले नकोत. पिळायला मी चक्का बांधायचं जुनं फडकं ठेवलंय, आता ते लगद्याचंच झालं, स्वयंपाकघरात परत येत नाही. पाणी जितकं काढाल तितकं पुढचं सुकणं सोपं, हे एकच काम कंटाळा न करता करा. मग सगळं एकत्र करून हँड मिक्सरने फिरवायचं, गुठळ्या जाईपर्यंत. थालीपिठासारखं हात ओला करून थापता आलं पाहिजे, वाहायला नको आणि चिरायला नको.

जॉइंट कंपाउंड घेताना लक्ष द्या. तयार कालवलेलं, बादलीतलं, ऑल पर्पज घ्यायचं, शीटरॉकचं हिरव्या झाकणाचं मिळतं ते मला सगळ्यात आवडतं, निळ्या झाकणाचं हलकं असतं, तेही चालतं. शेजारीच पोत्यात पावडर असते, तिच्यावर ४५, ९० असे आकडे असतात, तेवढ्या मिनिटांत ती घट्ट होते कारण त्यात प्लास्टरसारखं रसायन आहे, ती घेतलीत तर अर्ध्या कामात दगड होऊन बसेल. आणि काही ब्रँडचं कंपाउंड ग्लूमध्ये टाकलं की मिश्रण रबरासारखं ताणलं जातं, सगळा बॅच बाद. म्हणून नवीन ब्रँड आणलात तर आधी एक चमचा कंपाउंड आणि एक चमचा ग्लू वाटीत कालवून पाच मिनिटं बघा. याच कारणाने बुरशी नको म्हणून बोरॅक्स घालायचा सल्ला कोणी दिला तर इथे तो ऐकू नका. बोरॅक्स आणि पांढरा ग्लू एकत्र आले की काय होतं ते ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांची मुलं आहेत त्यांना माहितीय, स्लाइम होतो.

ग्लू एल्मर्सचाच घेते पण बाटली नीट वाचा, ग्लू-ऑल वेगळा आणि स्कूल ग्लू वेगळा. स्कूल ग्लू कपड्यांवरून धुऊन जावा म्हणूनच बनवलाय, आणि जे कपड्यावरून धुऊन जातं ते पावसात प्रॉपवरूनही जाणार, साधा हिशोब आहे. दिसायला दोन्ही बाटल्या सख्ख्या बहिणी, ऑगस्टमध्ये बॅक टू स्कूलच्या सेलमध्ये स्कूल ग्लू मातीमोल मिळतो म्हणून लोक तोच भरून आणतात. ज्यांना एक पायरी वर जायचंय त्यांनी टाइटबॉन्ड थ्री बघावा, तो सुतारकामाचा वॉटरप्रूफ ग्लू, महाग आहे, रंग जरा तपकिरी, पण जमिनीला टेकणारा भाग, पाय, बूड, थडग्याची कड, एवढ्यापुरता लगद्यात तो घातला तर पैसे वसूल आहेत. अख्ख्या प्रॉपला नको, उधळपट्टी आहे.

पट्ट्यांचं काम वेगळं. आतला साचा म्हणजे फुगा, चिकन वायर, टोमॅटोच्या रोपाचा पिंजरा, दुधाचा रिकामा गॅलन, चुरगळलेली वर्तमानपत्रं आणि मास्किंग टेप, जे हाताला लागेल ते. त्यावर कागदाच्या पट्ट्या, कात्रीने कापलेल्या नाही, फाडलेल्या. फाडलेली कड पातळ आणि केसाळ असते ती खालच्या थरात मुरते, कापलेली कड सीलरनंतरसुद्धा रेघ होऊन दिसते. सेलची चकचकीत पानं नकोत, त्यात खळ शिरत नाही. किराणाच्या तपकिरी पिशव्या आणि पार्सलमध्ये येतो तो तपकिरी कागद मस्त, पाण्यात भिजवून चुरगळून पिळून घेतला की म्हाताऱ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आपोआप पडतात. एक थर वर्तमानपत्राचा, एक तपकिरी, असं आलटून पालटून केलं तर कुठे राहिलंय ते लगेच कळतं.

खळीवरून आमच्याकडे कायम वाद. इथले लोक मैदा आणि पाणी नुसतं फेटून वापरतात, न शिजवता. आई व्हिडिओ कॉलवर बघत होती, म्हणाली, "गो, कच्ची खळ कोण वापरता? शिजव ती, नायतर कागद सुटतलो." आणि तिचं बरोबर आहे, १ कप मैद्याला ५ कप पाणी घेऊन शिजवलेली खळ पारदर्शक होते, पातळ लागते, कागदात शिरते आणि सुकल्यावर पांढरी पूड राहत नाही. गावाकडे त्यात मोरचूद टाकायचे किड्यांसाठी, इथे ते करू नका, विषारी आहे आणि मुलं हात घालतात. लवंगेचं तेल चार थेंब पुरे, वासही बरा येतो. मीठ घाला असंही सगळीकडे सांगतात, मी घालत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आपल्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं आठवा, आणि बाहेर दवात राहणाऱ्या वस्तूच्या पोटात ते कशाला भरून ठेवायचं. बाहेरच्या प्रॉपला मी वरचे थर खळीऐवजी ग्लू आणि पाण्याचेच लावते, २ भाग ग्लू, १ भाग पाणी. खळ म्हणजे शेवटी पीठ, बेसमेंटमधल्या उंदरांना त्याचा पत्ता बरोबर लागतो.

आता सुकवणं, आणि हा भाग वाचायचा कंटाळा करू नका कारण सीलरच्या खाली जे वाईट वाईट रिव्ह्यू असतात, "फुगे आले", "आतून वास येतोय", "काळे ठिपके पडले", त्यातले अर्धे तरी सीलरचे दोष नसतात. ओल्या लगद्यावर सीलर मारला की पाणी आत कोंडतं आणि बुरशीला बंद खोली मिळते. वरून टणटणीत वाटतं, पण हाताला लागतो तो फक्त वरचा पापुद्रा. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत अजून ओल आहे, पाणी उडतंय म्हणून गार. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज एकाच वेळेला वजन करायचं आणि प्रॉपच्या बुडावरच पेन्सिलने लिहायचं. आधी भराभर उतरतं, मग हळूहळू, आणि सलग दोन दिवस ग्रॅमचाही फरक पडला नाही की समजायचं सुकलं. मोठी वस्तू काट्यावर मावत नाही तिला बाथरूमचा काटा चालत नाही, तेवढं बारीक दाखवत नाही, मग त्याच दिवशी तेवढ्याच जाडीचा लगद्याचा एक वडा थापून बाजूला ठेवा आणि त्याचं वजन करा. लगद्याचा थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड एका वेळी देऊ नका. जागा म्हणाल तर बेसमेंटमधल्या डीह्युमिडिफायरच्या समोर, वर एक पंखा, आणि वस्तू जाळीवर, बुडाखालून हवा गेली पाहिजे. फुगा असेल तर फोडून काढून टाका आणि ते भोक लगेच बुजवू नका, आतलं पाणी तिथूनच जातं. सुकल्यावर घासायचं असेल तर एन ९५ मास्क लावा, जॉइंट कंपाउंडची धूळ फुफ्फुसाला चांगली नाही, डब्यावरही लिहिलेलं असतं.

बरं, सीलर. ड्रायलॉक हा मुळात बेसमेंटच्या भिंतींसाठी आहे, काँक्रीट आणि विटांतून झिरपणारं पाणी अडवायला, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या कंपनीचा. कागदावर लावा असं डब्यावर कुठेही म्हटलेलं नाही, ते हॅलोवीनवाल्यांनी शोधलेलं आहे, फोमच्या थडग्यांवर तर तो आता ठरलेलाच झालाय. लेटेक्सचा म्हणजे पाण्याने ब्रश धुता येतो, जाड आहे, आणि त्यात बारीक रेतीसारखा कण आहे. थडगं, कवटी, गार्गॉयल, दगडी खांब यांवर एक हात मारला की रंग देण्याआधीच वस्तू दगडी दिसायला लागते. करड्या रंगातच मिळतो तो घ्या, एक रंग वाचतो, नाहीतर पांढरा घेऊन दुकानात टिंट करून घ्या. कण तळाशी बसतो, म्हणून काठीने मधूनमधून ढवळत राहायचं, नाहीतर वरचा अर्धा डबा पातळ आणि खालचा अर्धा रेती. चांगला ब्रश वापरू नका, तो ब्रशचा जीव घेतो, दोन डॉलरचे चिप ब्रश आणा आणि फेकून द्या. कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीत आणि जबड्याच्या आतल्या बाजूला ब्रशने टोचून टोचून भरावं लागतं, नुसतं फिरवलं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात आणि पावसाचं पाणी नेमकं तीच शोधतं. दोन हात, मध्ये पहिला हात पूर्ण सुकू द्यायचा. गॅलन महाग जातो पण एका सीझनला क्वार्टचा छोटा डबासुद्धा पुरतो. अर्धा मार्क कापला तो गुळगुळीत वस्तूंसाठी. भोपळ्याचं चकाकतं साल किंवा बाहुलीचा चेहरा करायचा असेल तर हा कण नको. तिथे बाहेरच्या भिंतीचा साधा लेटेक्स प्रायमर आणि रंग द्या, आणि होम डेपोत कोणीतरी चुकीचा टिंट करून परत केलेले डबे कोपऱ्यात स्वस्तात ठेवलेले असतात ते बघा, खालच्या थराला रंग कोणता का असेना.

यावर ॲक्रिलिकने रंगकाम. काळा रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे फासायचा आणि ओल्या फडक्याने लगेच पुसायचा, खाचांत राहतो, उंचवट्यांवरून जातो, आणि पाच मिनिटांत शंभर वर्षं जुनी कवटी तयार.

रंगाच्या वर स्पार युरेथेन, मिनवॅक्सचा हेल्म्समन सहज मिळतो. बाहेरच्या लाकडासाठी असतो, उन्हाने खराब होऊ नये म्हणून त्यात यूव्ही अडवणारं काहीतरी असतं, आणि थोडा लवचिक राहतो, म्हणजे रात्री गारठ्यात आकसलं दुपारी उन्हात फुगलं तरी तडकत नाही. पाण्याचा आणि तेलाचा असे दोन प्रकार, आणि इथे तुमची निवड वस्तूवर आहे. तेलाचा पिवळसर पडतो. पांढऱ्या भुताला लावलात तर भुताला कावीळ झाल्यासारखं दिसेल, पण कवटी आणि हाडांना तो पिवळेपणा इतका छान लागतो की मी मुद्दाम तोच लावते. पाण्याचा डब्यात दुधासारखा दिसतो, घाबरू नका, सुकून पारदर्शक होतो. दोन्ही डबे हलवू नका, ढवळा, हलवलं की बुडबुडे होतात आणि ते तसेच सुकतात. पातळ तीन हात. चकाकी नको असेल तर सॅटिन घ्या, तेवढ्यानेही टॉर्चच्या उजेडात चमकतंय वाटलं तर वरून मॅटचा स्प्रे. ४ मार्क कशाला तर तेलाच्या डब्याचा वास गराजमध्ये दोन दिवस राहतो, आणि पुसलेली फडकी ही खरी काळजीची गोष्ट आहे. तेलाचं व्हार्निश किंवा जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं. बाहेर मोकळं पसरून कडक सुकू द्या, मग टाका. हे वाचून कोणी हसेल, पण नरकासुर गराजमध्ये पेटायला नको.

मॉड पॉज आउटडोअर. लावायला सगळ्यात सोपा, वास नाही, मुलं लावू शकतात, ब्रश नळाखाली धुतला की झालं. पण बाटलीवर लिहिलंय की पूर्ण पक्का व्हायला २८ दिवस लागतात. २८! म्हणजे १ ऑक्टोबरला बाहेर ठेवायचं तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावून झालं पाहिजे, म्हणजे वस्तू ऑगस्टमध्ये सुकलेली पाहिजे, म्हणजे जुलैमध्ये लगदा. ज्यांचं जुलैमध्ये हॅलोवीन सुरू होतं त्यांना ४ मार्क. आमच्याकडे सप्टेंबरला गणपतीची आवराआवर चाललेली असते, मखर उतरल्याशिवाय टेबल रिकामं होत नाही, आम्हाला २. साधा मॉड पॉज, मॅट किंवा ग्लॉस, तो बाहेरच्यासाठी नाहीच, घरातल्या वस्तूंना उत्तम.

स्प्रेचं म्हणाल तर एका मोठ्या ब्रँडचा क्लिअर स्प्रे, कॅनवर वॉटरप्रूफ म्हणून छापलेलं, मी संध्याकाळी गार हवेत मारला आणि तो चिकटच राहिला, आठवड्याने प्रॉपवर वाळकी पानं आणि कुत्र्याचे केस. दुकानात विचारलं तर "अजून एक कोट द्या". स्प्रे हा वरचा पावडर-पफ आहे असं समजा, कवच नाही. आणि आत फोमचा साचा असेल तर स्प्रे मारण्याआधी कुठे फोम उघडा नाही ना ते तपासा, स्प्रेतलं सॉल्व्हंट फोम खातं, आणि बाहेरून धड दिसणारं डोकं आतून पोकळ होतं.

हवेचं तापमान विसरू नका, पाण्याचे सगळे रंग आणि सीलर साधारण ५० फॅरनहाइटच्या खाली नीट धरत नाहीत. दिवसा ६५ असतं म्हणून दुपारी चारला लावायला घेता आणि रात्री ४० होतं. सकाळी दहाला लावा.

मोठ्या आकारासाठी, म्हणजे माणूसभर उंच यमदूत वगैरे, लगदा सोडा आणि मॉन्स्टर मड करा. जॉइंट कंपाउंडची ५ गॅलनची बादली आणि १ गॅलन लेटेक्स रंग, ड्रिलला मिक्सर लावून कालवायचं, त्यात गोणपाट बुडवून सांगाड्यावर झग्यासारखं पांघरायचं. सुकल्यावर कडक होतं, घड्या जशाच्या तशा. रंग बाहेरच्या भिंतीचाच घ्या, नुसतं जॉइंट कंपाउंड पाण्यात परत विरघळतं, जे काही धरून ठेवतं ते रंगातलं लेटेक्स. बादलीच ६० पौंडांच्या आसपास असते, तेव्हा जिथे उभं करायचंय तिथेच बनवा, नाहीतर नवऱ्याची कंबर आणि आपले कान दोन्ही जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बूड. वरून पडणारं पाणी ओघळून जातं, खालचं पाणी शोषलं जातं. ओल्या गवतावर टेकलेला कागद दिव्याच्या वातीनं तेल ओढावं तसा ओल वर चढवत नेतो, आणि बघता बघता हनुवटी मऊ. बुडाला, आतल्या बाजूला, डोळ्यांच्या आतून, वायर जिथून बाहेर येते तिथे, सगळीकडे तोच दोन हातांचा सीलर. खाली पीव्हीसी पाइपचे दोन इंची तुकडे पाय म्हणून लावा, जमिनीशी संबंधच नको. आत दिवा ठेवायचा तर बॅटरीचा एलईडी, मेणबत्ती नको, तो शेवटी कागदच आहे.

खर्चाचं बोलायचं तर ग्लूची मोठी बाटली, कंपाउंडची छोटी बादली, ड्रायलॉकचा क्वार्ट, युरेथेनचा छोटा डबा, यात तीन-चार मोठी प्रॉप्स आरामात होतात आणि निम्मं सामान पुढच्या वर्षाला उरतं. ग्लू आणि लेटेक्स गराजमध्ये ठेवू नका, जानेवारीत गोठलं की दह्यासारखं फाटतं, घरात घ्या. प्रॉप्स झाकणाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, बूट आणि पर्सच्या खोक्यांतल्या जमवून ठेवते मी.

आणि हे वाचताय तेव्हा ऑक्टोबरची १५ तारीख उलटून गेली असेल तर सीलरच्या भानगडीत पडूच नका. लगद्याला शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या व्हार्निशचे, दोन हात द्या, तो अल्कोहोलचा असतो, तासाभरात सुकतो, पावसात टिकणार नाही पण पोर्चच्या छताखाली निभावून नेईल. लॉनवर काहीतरी दिसायलाच पाहिजे असा पोरांचा हट्ट असेल तर होम डेपोचा १२ फुटी सांगाडा, २०२० ला पहिल्यांदा आला तेव्हा २९९ डॉलरचा होता. फक्त तिथेही आधी फोन करून विचारा, तोपर्यंत बहुतेक संपलेला असतो.